रस्त्याचा हक्क आणि वेगाची अट

जुमाच्या नमाजनंतर तरुण मंडळी इमामाकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला कारखान्यातूनच वेगाची मर्यादा घातलेली असते आणि गॅरेजवाला ती थोड्या पैशांत काढून देतो. गाडी माझी, कमाई हलालची, मग ‘लिमिट’ काढण्यात गुनाह कोणता? प्रश्न प्रामाणिक आहे. ‘कायद्याने बंदी आहे’ एवढ्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

मुळात ही मर्यादा कशासाठी आहे, हे पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, आणि अधिकृत चाचणी संस्थेने तशी खातरजमा केली आहे, ती मोटार वाहनांत गणली जात नाही. म्हणून तिला नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही, विम्याची सक्ती नाही. चालविणाऱ्याजवळ परवाना असण्याचीही गरज नाही. समाजाने दिलेली ही सवलत सशर्त आहे. मर्यादा काढणारा मनुष्य सवलत स्वतःकडे ठेवतो आणि अट तेवढी फेकून देतो. २५ हा आकडा काही आकाशातून उतरलेला नाही. युरोपात साधारण तोच आहे, तर अमेरिकेतील अनेक राज्यांत तो ३२ आणि विशिष्ट वर्गातील सायकलींसाठी ४५ पर्यंत जातो. परंतु आकडा माणसांनी ठरविला म्हणून वचन हलके होत नाही. सूरह अल्-माइदाचा आरंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो; आणि आपल्या बहुतेक करारांतील आकडे माणसांनीच ठरविलेले असतात.

वेग हा स्वतः दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. हिजरी १० मधील अखेरच्या हजच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) अरफातहून मुज्दलिफाकडे निघाले. मागे उंटांना हाकलण्याचा गलका ऐकू आला, तेव्हा त्यांनी लोकांना शांतपणे चालण्याची खूण केली आणि घाई करण्यात पुण्य नसल्याचे सांगितले. त्याच प्रवासाविषयी माननीय उसामा (रजि.) सांगतात की, गर्दीत प्रेषितांची चाल मध्यम होती आणि पुढे मोकळी जागा दिसली की ते उंटीण वेगाने चालवीत. दोन्ही वृत्तांत एकत्र वाचले की गोष्ट स्पष्ट होते : वेग किती असावा हे स्वाराच्या हौसेवर नव्हे, तर आजूबाजूच्या माणसांवर ठरते.

हनफी फिकहने याच सूत्राचा फार बारकाईने विचार केला आहे. मदरशांत आजही शिकविल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या ग्रंथात बुर्‌हानुद्दीन मर्गीनानी (मृत्यू इ. स. ११९७) यांनी जनावरामुळे होणाऱ्या इजेची चर्चा केली आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाणे सर्वांना मुबाह आहे, पण इतरांना इजा न होण्याच्या अटीवर. कारण रस्त्यावर स्वाराचा हक्क आहे तसा इतरांचाही आहे. ही अट अर्थात ज्या गोष्टी टाळता येतात त्यांनाच लागू होते. म्हणून जनावराने कोणाला पायाखाली तुडविले तर स्वार भरपाईस जबाबदार; पण चालताना त्याने मागची लाथ झाडली तर स्वार जबाबदार नाही, कारण ती रोखणे त्याच्या हाती नसते. यापुढचा मुद्दा आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. स्वाराने जनावर रस्त्यात उभे करून ठेवले असेल, तर त्या लाथेचीही भरपाई त्याच्यावर येते. लाथ टाळता येत नसली तरी तिथे उभे राहणे टाळता येत होते!

मर्यादा काढलेल्या गाडीचा स्वार याच जागी येतो. समोर अचानक मूल आले, ब्रेक लागला नाही, असे तो सांगेल आणि ते खरेही असेल. परंतु ती गाडी, तिचे ब्रेक आणि तिची चाके २५ च्या वेगासाठी बनविली होती. वेग ४५ वर गेला की धडकेतील ऊर्जा सव्वातीन पट होते, आणि ५० वर चौपट. ‘टाळता आले नाही’ ही सबब त्याने गॅरेजमध्येच गमावलेली असते.

दुसरी बाजू मला याहूनही गंभीर वाटते. फजरला काठी टेकत येणारे एखादे वृद्ध मुसल्ली अशा गाडीखाली आले, तर भरपाई कोण देणार? गाडीला विमा नाही. स्वार पळाला तर ओळखायला नंबरही नाही. माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद, तौबा केल्याने फिटत नाहीत. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळावी लागते किंवा त्याने माफ करावे लागते. ज्याला शोधताच येत नाही, त्याला माफ तरी कसे करावे?

यावर दोन हरकती घेतल्या जातात. पहिली अशी, की मोठ्या रस्त्यावर २५ च्या वेगाने जाणेच धोक्याचे आहे. मागून ट्रक येतात. हे खरे आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच, की ती गाडी त्या रस्त्याची नव्हे. अधिक वेगाच्या विजेच्या दुचाकी नोंदणी, परवाना आणि विम्यासह बाजारात मिळतात; हलाल मार्ग बंद झालेला नाही. दुसरी हरकत घरपोच माल पोहोचविणाऱ्या मुलांची आहे : वेळ गाठली नाही तर रोजी बुडते. नोंदणीची गाडी त्यांना परवडत नाही, हेही मी नाकारीत नाही. रोजीची निकड समजून घेतलीच पाहिजे, मात्र त्यासाठी दुसऱ्याच्या जिवाची जोखीम उचलण्याची मुभा शरीअत देत नाही. शिवाय हा भार एकट्या त्या मुलावर टाकणेही अन्यायाचे आहे. दहा मिनिटांत बिर्याणी हवी म्हणणारा आणि तसे आश्वासन देणारा मालक, दोघांचाही त्यात वाटा आहे.

गॅरेजवाल्या बंधूंचेही नाव घ्यायला हवे. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने असे बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा दंडाची चर्चा बरीच झाली. त्या कमाईची झाली नाही. धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा बाहेर काढल्याची हदीस आपण व्यापाऱ्यांना नेहमी ऐकवतो. कागदावर २५ आणि रस्त्यावर ५० असलेली गाडी विकणे ही त्याच राशीची गोष्ट आहे.

आणि वडीलधारी मंडळी. परवाना लागत नाही म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला गाडी घेऊन दिली जाते, नंतर मुलगा परस्पर मर्यादा काढून आणतो. त्या क्षणापासून कायद्याच्या दृष्टीने ते मोटार वाहन ठरते, आणि अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडी मुलाच्या हाती असली तरी अमानत पालकाच्या गळ्यात असते.

ज्यांनी मर्यादा आधीच काढली आहे, त्यांनी गाडी पूर्ववत करून घ्यावी. विकायची असेल तर तीही पूर्ववत करूनच विकावी. केवळ ‘लिमिट काढले आहे’ असे गिऱ्हाईकाला सांगून टाकणे पुरेसे नाही. दोष सांगितल्याने गिऱ्हाईकाची फसवणूक टळते, पण रस्त्यावरून चालणाऱ्याला कोणी काही सांगितलेले नसते.