तिन्हीसांजेचा भोंगा

वर मागताना आपण एकही फट ठेवली नाही, अशी हिरण्यकशिपूची खात्री होती. मरण दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. माणसाच्या हातून नको, जनावराच्याही नको. देवाने फट शोधली ती तिन्हीसांजेची आणि उंबरठ्यावरची. परभणी–परळी लोहमार्गावर पोखर्णीत ज्या नृसिंहाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे आणि ज्याच्या नावासकट रेल्वेने स्थानकाची पाटी लावली आहे, तो हाच. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला जयंतीची गर्दी होते, नवस फेडले जातात, कथा सांगितली जाते आणि ऐकणाऱ्यांचं सगळं ध्यान नखांकडे असतं. मला मात्र अलीकडे त्या नखांपेक्षा ती वेळ जास्त विचार करण्यासारखी वाटू लागली आहे.

तिन्हीसांजेची कामं खेड्यात ठरलेली असत. गुरं परतायची, धारा निघायच्या, देवापुढे दिवा लागायचा, पोरं पाढे म्हणायला बसायची, देवळात हरिपाठाचे टाळ वाजायचे. हे सगळं फार रम्य होतं असं मी म्हणत नाही. त्याच वेळी चुलीच्या धुराने बायकांचे डोळे चुरचुरत आणि पारावर पत्त्यांचे डाव पडत. पण दिवसाला तिथे एक सांधा होता. हे काम संपलं, आता दुसरं लागलं, हे ठरवायला कुणाला मनाशी झगडावं लागत नसे; अंधार पडला की ते ठरलेलंच असे. हातातल्या फोनच्या पडद्याला मात्र अंधाराची खबर नसते. रात्री साडेबाराला तो दुपारी बाराइतकाच तत्पर असतो.

हा सांधा पुन्हा घालायचा एक सरळ प्रयत्न सांगली जिल्ह्यात झाला. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, वस्ती तीनेक हजारांची. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली, नंतर शाळा उघडली तरी पोरांच्या हातातला फोन सुटेना. शाळेच्या आधी फोन, शाळेनंतर फोन, वही कोरी. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग १४ ऑगस्ट २०२२ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, बायकांची सभा भरली. तिथे बायकांनी पोरांवर खापर फोडण्याआधी आपल्या मालिकांचा हिशेब मांडला: आम्हीही फार बघतो, बंद करायचं तर सगळ्या गावाने करावं. देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून सांगत होते. त्या दीड तासात अभ्यास, वाचन, एकमेकांशी बोलणं.

ही बातमी देशभर गेली ती ‘डिजिटल उपवास’ अशा नावांनी. मला हे नाव पटत नाही. उपवास ज्याचा त्याने करायचा असतो आणि त्याचं पुण्यही ज्याच्या त्याच्या खात्यात जमा होतं. वडगावने केलं ते वेगळं: निश्चय प्रत्येकाच्या मनातून बाहेर काढला आणि देवळाच्या शिखरावर ठेवला. चालढकलीवरचा मला माहीत असलेला हा सगळ्यात शहाणा उपाय आहे. कारण चालढकल हा आळस आहे, असं धरून केलेले उपाय आजवर फारसे चाललेले नाहीत.

चालढकलीचा अभ्यास करणाऱ्या फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलेलं म्हणणं असं, की माणूस काम टाळत नाही, त्या कामाबरोबर येणारी भावना टाळतो. कंटाळा, धास्ती, अपुरेपणा, कुणाला तोंड द्यावं लागेल याची भीती. आत्तापुरतं बरं वाटावं म्हणून उद्याच्या स्वतःवर ओझं टाकायचं. याचं उदाहरण शोधायला प्रयोगशाळेत जायला नको, तलाठी कार्यालयात जावं. बाप जाऊन दहा-दहा वर्षं होतात, सातबारावर नाव बापाचंच. पीककर्ज अडतं, अनुदान अडतं, तरी वारस नोंद होत नाही. अखेर २०२५ साली राज्य सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. नुसता अर्ज तर तासाभराचा. पण त्या तासाआधी भावाशी बोलावं लागतं, बहिणीच्या हिश्श्याचा विषय निघतो, आई रडते. टाळलं जातं ते हे. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून माणूस ओट्यावर बसतो आणि खिशातून फोन काढतो.

आणि हाच माणूस जूनमध्ये पेरणी एक दिवसही पुढे ढकलत नाही. काळ्या जमिनीची जात तशी आहे. फार ओली असेल तर तिफणीला चिखल चिकटतो, ट्रॅक्टर रुततो. वाळली तर बी वर येत नाही. मधले दोन-चार दिवस वाफशाचे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. त्यानंतर जमिनीत पाय घालून पाहणारा माणूस ठरवतो की आज. त्या दिवशी त्याला कुणी प्रेरणादायी भाषण ऐकवावं लागत नाही. आळशी म्हणून हिणवला गेलेला माणूसही पहाटे शेतात असतो, कारण शेजाऱ्याच्या रानात यंत्र चालू झालेलं असतं. माणूस तोच, मन तेच. जूनमध्ये मुदत बाहेरून आलेली असते आणि सगळ्या शिवारावर एकदमच येते. वारस नोंदीला, मातीपरीक्षणाला, पोरीच्या चाचणीच्या वहीवर नजर टाकायला वाफसा नसतो.

मुदत स्वतः घालून घेतलेली बरी की दुसऱ्याने घातलेली, हे डॅन अरिएली आणि क्लाउस व्हेर्टेनब्रोख यांनी तपासलं. एमआयटीतल्या ६० विद्यार्थ्यांना तीन मजकुरांतल्या चुका शोधायला दिल्या. काहींना दर आठवड्याला एक अशी बाहेरून मुदत, काहींना तिन्ही एकदम शेवटी, काहींना स्वतः ठरवलेल्या तारखा. २००२ साली निष्कर्ष छापून आले. शेवटची एकच मुदत असणारे सगळ्यांत मागे राहिले, स्वतः तारखा ठरवणारे मधे, आणि ज्यांच्यावर साप्ताहिक मुदत लादली त्यांनी सगळ्यांत जास्त चुका शोधल्या. स्वातंत्र्याच्या भक्तांना हे रुचणार नाही. मलाही फारसं रुचलं नाही. पण दिवाळी अंकाच्या संपादकांना यात नवीन काही वाटणार नाही.

मराठीतला याचा सुंदर पुरावा तुरुंगातला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी उतरवून घेत. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक घराघरांत आहे ते असं आठवड्याच्या वाराने लिहवून घेतलं. ऐकणारे कैदी जमत होते आणि लिहिणारा समोर बसत होता. तिथे मनःस्थितीचा प्रश्न पुढच्या रविवारपर्यंत लांबवायला वावच नव्हता. विनोबांची साधना मोठी, यात शंका नाही. पण साधनेलाही वार लागला.

परभणीतल्या अभ्यासिका पाहा. घरी खोली आहे, दिवा आहे, तरीही स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याचे पैसे भरून दोन-अडीच फुटांच्या टेबलासाठी रांग लावतात. विकत काय घेतात? शेजारचा वाचतो आहे, हे. पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी एकेकटी क्वचितच दिसतात. टोळीतला एक जण दुसऱ्याला हाक मारून उठवतो, आणि हाक आली की उठावंच लागतं. गजराला बंद करता येतं, मित्राला करता येत नाही. सवयींवरची सगळी पुस्तकं एकट्या माणसासाठी लिहिलेली असतात. एकट्याने पहाटे उठा, एकट्याने यादी करा, एकट्याने मन जिंका. आपल्याकडे जे काही नेमाने टिकलं, ते वारी असो, काकडआरती असो की सप्ताहातलं पारायण, ते टोळीने टिकलं.

तरी एकट्याने करण्याजोगं काही नाहीच असं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी मोजल्या. सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ आणि कुणाला २५४ लागतील असं दिसलं. एकवीस दिवसांत आयुष्य बदलण्याच्या जाहिराती तिथेच निकालात निघतात. त्यातली दिलाशाची गोष्ट अशी, की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आणि पीटर गोलविट्झर यांनी दाखवलेलं आणखी एक: ‘मी रोज वाचेन’ यापेक्षा ‘जेवणाचं ताट उचललं की वाचायला बसेन’ हे जास्त पाळलं जातं. काम एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधायचं. भोंगा हेच करतो, फक्त गावभर ऐकू जाईल असं.

आता फोनची बाजू मांडायला हवी, कारण ती मांडली नाही तर हा लेख म्हाताऱ्यांच्या तक्रारीत जमा होईल. अवधान सुटणं जुनंच आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात ‘श्रोता अवलक्षण’ नावाचा सबंध समास कशासाठी लिहिला? ऐकायला बसलेल्यांच्या जांभया, डुलक्या, अस्वस्थपणा त्यांनी समोर पाहिला होता म्हणूनच. पण त्या श्रोत्याला झोप आली की तो घरी जाई. २००६ साली अझा रास्किन यांनी तळ नसलेलं पान तयार केलं, जे सरकवत गेलं तरी संपतच नाही; पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. त्या पानाला उंबरठाच नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओमुळे डेटा स्वस्त झाला, २०२०च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि काही आठवड्यांत तोच प्रकार इन्स्टाग्रामच्या रिल्समध्ये सुरू झाला. बंदीने एक दुकान हललं, बाजार तसाच राहिला.

आमच्या परभणीच्या भागात हा फोन घरात शिरला तो मनोरंजनासाठीच असं नाही. सेलू तालुक्यातल्या पंजाबराव डखांचा पावसाचा अंदाज ऐकायला शेतकरी फोन उघडतो. त्या अंदाजांवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, तो वाद वेगळा. ऐकणारे लाखांत आहेत एवढं खरं. बाजारभाव फोनवर, पीकविमा फोनवर, ई-पीक पाहणी फोनवर. अंदाज दोन मिनिटांचा असतो. तो संपता संपता खालून दुसरं काहीतरी सरकतं आणि पाऊण तास जातो. शिवाय शेतीपंपाची वीज कितीतरी ठिकाणी रात्रीच्या पाळीत येते. थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला बांधावर बसलेल्या माणसाने, साप-विंचवाची भीती डोक्यात असताना, फोन पाहू नये असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? त्याच्या हातातला फोन हा ढळलेल्या निश्चयाचा नाही, रात्री येणाऱ्या विजेचा पुरावा आहे. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्या वेळेवर झाल्या तर त्याचा पडद्यावरचा वेळ आपोआप उतरेल. सवयींच्या उपदेशकांना हे सुचत नाही, कारण त्यांच्या यादीत महावितरण नसतं.

म्हणून सरसकट बंदीचा मार्ग मला आंधळा वाटतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाने नोव्हेंबर २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव केला की अठरा वर्षांखालच्यांनी मोबाइल वापरायचा नाही. हेतू वडगावचाच, कळकळही तेवढीच. पण बांसीचा नियम मोठ्यांनी लहानांसाठी केला, वडगावचा मोठ्यांनी स्वतःसकट सगळ्यांसाठी. जो बाप पोराचा फोन काढून घेतो आणि स्वतः त्यावर क्रिकेट बघत बसतो, त्याच्या घरात काय शिकवलं जातं हे पोराला लगेच कळतं. दीड तासाची मर्यादा हेही वडगावचं व्यवहारज्ञान. चोवीस तासांचा नियम मोडायचाच असतो. दीड तास बहुतेकांना परवडतो.

तरी वडगावबद्दल मला एक शंका आहे, आणि पोखर्णीसारख्या गावाने हा प्रयोग उचलला तर ती आधी निस्तरावी लागेल. सात ते साडेआठ ही स्वयंपाकाची वेळ. भोंगा वाजल्यावर नवरा वर्तमानपत्र घेऊन बसला, पोरं वह्या घेऊन बसली आणि बाई परातीपुढे, तर तिच्या वाट्याला काय आलं? फोडणी देताना लावलेली मालिका हीच तिची सोबत होती, तीही गेली. ठराव बायकांनी केला हे खरं, म्हणून मोबदल्यात काय मिळणार हे विचारायचा हक्कही त्यांचाच. भोंग्याआधी स्वयंपाक उरकायचा की भोंग्यानंतर सगळ्यांनी मिळून करायचा, याबद्दल मी वाचलेली कोणतीच बातमी बोलत नाही. बातमीदार सातनंतर ओसरीपर्यंतच गेले असावेत.

दिवाळीनंतरची ठरलेली ग्रामसभा २६ जानेवारीची. तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. कितीतरी गावांत ती कागदावर होते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. भोंगा सातचा असावा की आठचा, त्या आठवड्यात ज्याची वीज रात्रीची आहे त्याने काय करायचं, आणि त्या दीड तासात भाकरी कोणी थापायची, हे तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घातले तर सह्यांसाठी फिरायची वेळ बहुधा येणार नाही. बायका आपणहून येतील, आणि तिसऱ्या प्रश्नावर सभा साडेआठच्या पुढे जाईल.