पदवी आहे, पद नाही

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो शहर आहे. तिथून उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर, न्यू मेक्सिको राज्याच्या हद्दीत, लास क्रूसेस. दोन्हीकडे तोच वाळवंटी मुलूख, घरात स्पॅनिश बोलणारी तीच वस्ती, तोच मधुमेह आणि तोच रक्तदाब. एखाद्या परिचारिकेने नर्स प्रॅक्टिशनरची पदव्युत्तर पदवी घेतली, राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा दिली आणि लास क्रूसेसमध्ये काम धरले, तर ती रुग्ण तपासते, निदान करते, चाचण्या सांगते, औषध लिहून देते आणि मनात असेल तर स्वतःचा दवाखानाही काढते. तीच एल पासोत गेली तर औषध लिहिण्यासाठी तिला डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. डॉक्टरने अधिकार सोपवला तरच तिची सही चालते. तो डॉक्टर निवृत्त झाला किंवा शहर सोडून गेला, तर दुसरा मिळेपर्यंत तिच्या रुग्णांची औषधे अडतात.

म्हणून अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर होऊन नोकरी शोधणारी मुलगी पगाराच्या आधी राज्याचा कायदा वाचते. आज निम्म्याहून अधिक राज्यांनी पूर्ण अधिकार दिले आहेत. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये ३,६०० तास काम केलेल्यांना करारातून मोकळे केले. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून टप्प्याटप्प्याने वाट उघडली. टेक्सास अजून अडून आहे.

प्रमाणपत्र माणसाला पात्र ठरवते, नोकरी मात्र प्रमाणपत्रातून निर्माण होत नाही. ती निर्माण होण्यासाठी तीन प्रश्न सुटावे लागतात. औषध लिहिण्याचा अधिकार कोणाला? त्या कामाचे पैसे कोण आणि कसे देणार? चूक झाली तर जबाबदार कोण? अमेरिकेला या प्रश्नांशी झगडताना ६० वर्षे झाली आणि ते काम अजून पुरे झालेले नाही. आपण भारतात ही पदवी आधी काढली आणि तिन्ही प्रश्न तसेच ठेवले. ज्या मुली घरची शिल्लक मोडून ही पदवी घेतात, त्यांच्यावर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात १९६५ मधली. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड ग्रामीण भागात काम करत आल्या होत्या. डॉक्टर नसलेल्या वस्त्यांत लसीकरण, वाढीची तपासणी, साधे आजार ही सगळी कामे परिचारिका एरवीही निभावत होत्या. त्याला रीतसर शिक्षणाचा आणि अधिकाराचा आधार द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच वर्षी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या, आणि दवाखान्यापर्यंत कधी न पोचलेली माणसे एकाएकी दारात उभी राहिली. डॉक्टर कमी पडू लागले. फोर्ड यांचे २०२५ च्या जानेवारीत, १०४ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा त्यांच्या देशात नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या तीन लाखांच्या पुढे गेलेली होती.

मधल्या काळातला तपशील आपल्या उपयोगाचा आहे. १९७१ मध्ये आयडाहो राज्याने परिचारिकांच्या निदान व उपचाराला प्रथम कायद्यात जागा दिली. पैशांचा प्रश्न त्याहून चिवट निघाला. शहर असो वा खेडे, नर्स प्रॅक्टिशनरला मेडिकेअरने थेट पैसे द्यावेत, ही तरतूद व्हायला १९९७ साल उजाडले, म्हणजे पहिल्या अभ्यासक्रमानंतर ३२ वर्षे. तीही डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्क्यांवर. उरलेले १५ टक्के हातचे जाऊ नयेत म्हणून अनेक दवाखाने नियमात बसेल तिथे तिने पाहिलेल्या रुग्णाचे बिल डॉक्टरच्या नावाने लावतात. पैसे पूर्ण मिळतात, पण तिचे काम हिशेबातून नाहीसे होते. वर्षाअखेरी पगारवाढ मागायला ती बसते तेव्हा तिने किती रुग्ण पाहिले हे कागदावर दिसत नाही. म्हणून तिथल्या जाणत्या स्त्रिया नोकरी स्वीकारताना विचारतात, बिल कोणाच्या नावाने लागणार? आणि नोकरी सोडल्यानंतर जुन्या रुग्णाने दावा लावला तर विमा कोणाचा? नव्या उमेदवारांना हे प्रश्न सुचत नाहीत, आणि वर्गात ते क्वचितच शिकवले जातात.

नव्या उमेदवारांची अवस्था एकूणच बिकट असते. प्रमाणपत्र विशिष्ट रुग्णगटाचे असते. कुटुंब आरोग्याची परीक्षा दिलेल्या व्यक्तीने अतिदक्षता विभागात काम करू नये, अशी तिथल्या व्यवसायाची स्वतःची शिस्त आहे. परीक्षा झाली तरी विमा कंपन्यांच्या यादीत नाव चढायला महिनेच्या महिने जातात, आणि तोवर तिच्या कामाची कमाई सुरू होत नाही, म्हणून छोटा दवाखाना तिला घ्यायला कचरतो. मोठ्या शहरांत पहिलीच नोकरी शोधणाऱ्यांची गर्दी असते, तर दूरच्या काउंट्यांत जागा रिकाम्या पडलेल्या असतात. तिकडे जाणाऱ्यांचे शैक्षणिक कर्ज फेडण्याची सरकारी योजना आहे, आणि ती मला अतिशय शहाणपणाची वाटते. दुसरीकडे, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचे तिथेही पेव फुटले. विद्यार्थिनींनी स्वतःच डॉक्टर किंवा ज्येष्ठ नर्स प्रॅक्टिशनर गाठून प्रत्यक्ष शिकण्याची जागा मिळवायची, कधी त्यासाठी पदरचे पैसे मोजायचे, असा प्रकार सर्रास चालतो. २०२२ मध्ये प्रत्यक्ष कामाच्या किमान तासांचा निकष ५०० वरून ७५० वर नेला गेला, तोही या घसरणीच्या काळजीतून. कनेक्टिकटमधल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्राने २००७ मध्ये नव्या पदवीधरांसाठी वर्षभराचे निवासी प्रशिक्षण सुरू केले. पदवीनंतर कोणाच्या तरी हाताखाली एक वर्ष, हा डॉक्टरांना मिळणारा आधार नर्सलाही मिळावा, हे सुचायला तिथे चार दशके जावी लागली.

आता, ही माणसे डॉक्टरइतके चांगले काम करतात का? या प्रश्नाला एकच उत्तर देणारा माणूस कोणत्या तरी संघटनेचा प्रवक्ता असतो. २००० मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १,३१६ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात वाटून दिले होते. सहा महिन्यांनी दमा, मधुमेह आणि रक्तदाब यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उलट, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या आपत्कालीन विभागांचा २०२२ मधला अभ्यास सांगतो की तिथे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरांकडे रुग्णाचा मुक्काम लांबला आणि खर्चही वाढला. मला यात विरोध दिसत नाही. ओळखीचा, दीर्घकाळचा आजार महिन्यामागून महिने सांभाळणे हे एक काम. काय झाले आहे हेच ठाऊक नसलेला माणूस स्ट्रेचरवरून आत येतो तेव्हाचे काम वेगळे. पहिल्या कामात परिचारिका डॉक्टरच्या बरोबरीने उभी राहते, दुसऱ्यात तिच्यामागे डॉक्टर हवा.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषद आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या, अतिदक्षता विभागाचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी. त्यातला बहुतांश वेळ प्रत्यक्ष विभागात जातो. व्हेंटिलेटरची मांडणी, रक्तातल्या वायूंचे अहवाल, शॉकमधला रुग्ण, हे सगळे ती शिकते. २०१८ मध्ये प्रसूतिसेवेच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि १८ महिन्यांच्या प्रशिक्षणातून मिडवाइफरीतली नर्स प्रॅक्टिशनर तयार करायचे ठरले. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने आणि तेलंगण सरकारने त्यात खरोखर काम करून दाखवले. महाराष्ट्रात मात्र शासकीय रुग्णालयातली पदांची उतरंड पाहा. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. शिकवण्याकडे वळली तर पाठ्यनिर्देशिका. वर चढायचे तर रुग्णाच्या खाटेपासून दूर जायचे. रजा, ड्युटी आणि साठ्याच्या वह्या सांभाळायच्या. अतिदक्षतेत मुरलेली बाई रुग्णाजवळ राहूनच मोठी होईल, अशी पायरी या रचनेत नाही. साहजिकच दोन वर्षे घालवून आलेली मुलगी एक तर खासगी रुग्णालयात आधीच्याच स्टाफ नर्सच्या कामावर परत जाते, नाही तर नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागते. ज्यासाठी शिकली ते काम तिला बहुधा मिळत नाही.

याचे कारण वरच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यात, औषध लिहिण्याच्या अधिकारात, आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनुसार चिठ्ठीवर मिळणारे औषध लिहायचे ते नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानेच. रुग्णालयाने आपल्या नियमावलीत मुभा दिली तर तेवढ्यापुरते नर्स प्रॅक्टिशनरला चालवून घेता येते, पण तो उसना अधिकार असतो, आणि काही बिघडले की तो सगळ्यात आधी काढून घेतला जातो.

कायदा बदलता येत नाही, हे कारण महाराष्ट्राला तरी सांगता येणार नाही. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. त्याला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा कडवा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले, तो वाद आजही धुमसतो आहे. त्या निर्णयाच्या बऱ्यावाइटात मी इथे जात नाही. पण त्यामागची अडचण खरी होती: तालुक्याच्या गावी, मध्यरात्री, एमबीबीएस डॉक्टर जागेवर नसतो. मग त्याच अडचणीचा विचार करताना अतिदक्षतेत वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केलेल्या परिचारिकेचे नाव कोणाच्याच ओठावर का आले नाही? आपल्या छोट्या खासगी रुग्णालयांत रात्रीचा निवासी डॉक्टर पुष्कळदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो, आणि पहाटे तीनला रुग्णाचा रक्तदाब कोसळला की तो सिस्टरच्या तोंडाकडे पाहतो. हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिचे ज्ञान वापरायचे आणि कागदावर तिचे नाव येऊ द्यायचे नाही, ही आपली जुनी रीत आहे. परिचर्या हे बायकांचे, हुकूम झेलण्याचे काम मानले गेले, आणि त्यात येणाऱ्या मुली बहुतेक करून साध्या घरांतल्या. त्यांच्यासाठी विधिमंडळात कोणी घसा कोरडा केला नाही.

आणि ज्या राज्यात जामखेड आणि गडचिरोली आहेत, त्याने तरी परिचारिकांना असे डावलायला नको होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडच्या खेड्यांतल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत खेड्यातल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने तेच इंजेक्शन ठरावीक परिस्थितीत द्यावे, असे केंद्र सरकारने म्हटले २०१४ मध्ये. पुरावा आपल्याच मातीतला, जगाने मान्य केलेला, आणि तरी मध्ये १५ वर्षे गेली.

परिचारिकेला असा अधिकार देण्यावरचे दोन आक्षेप मी गंभीरपणे घेतो. शहरातल्या पैसेवाल्याला तज्ज्ञ डॉक्टर आणि मेळघाटातल्या कोरकू बाईला नर्स, ही विभागणी आपण कायमची करून ठेवू. खासगी रुग्णालये डॉक्टरच्या जागी स्वस्तातले माणूस म्हणून तिला राबवतील. दोन्ही भीती खऱ्या आहेत. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाहिले की स्वस्तात राबवले जाण्याची भीती अधिकच पटते. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत नर्सिंगचे आणि आयुर्वेदाचे पदवीधर सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर तिथे नेमले गेले. गावात रक्तदाब मोजणारे, मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवणारे, दूरध्वनीवरून डॉक्टरशी रुग्णाची गाठ घालून देणारे ते पहिले माणूस. पण नेमणूक कंत्राटी, आणि मानधनातला मोठा हिस्सा कामगिरीच्या रकान्यांवर अवलंबून. कायमपण नसलेल्या माणसाकडून दीर्घ आजारांचा कायमचा पाठपुरावा कसा होईल? यावर उपाय म्हणजे परिचारिकेला अधिकार नाकारणे नव्हे. अधिकारासोबत नेमणूक कायम करावी, तिच्यामागे डॉक्टर ठेवावा, आणि हीच सेवा मुंबई-पुण्याच्या महापालिका दवाखान्यांतही सुरू करावी, म्हणजे ती गरिबांपुरती राहणार नाही.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊ लागला. संधी इथे आहे. राज्य सरकारने अतिदक्षता आणि प्रसूती या दोन ठिकाणी नर्स प्रॅक्टिशनरचे पद आकृतिबंधात मंजूर करावे, सेवा प्रवेश नियमांत त्याची अर्हता लिहावी, अधिपरिचारिकेहून वरची वेतनश्रेणी द्यावी, आणि ती कोणती औषधे कोणत्या परिस्थितीत लिहू शकेल याची यादी शासन निर्णयाने जाहीर करावी. तोपर्यंत या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझे कळकळीचे सांगणे आहे: फी भरण्याआधी कॉलेजला विचारा की मागच्या तुकडीतल्या मुली आज कोणत्या पदावर, कोणते काम करत आहेत, आणि उत्तर लेखी मागा.