बिनचुन्याचा गडगा



दत्तभक्तहो, अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ती कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर यांच्याबरोबर त्यात एक कारागीरही आहे, बाण करणारा. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याची नजर बाणावरून हलली नाही. बाण करणारा गुरू होतो, मग दगड रचणारा का नको? पंचविसावा गुरू काढला म्हणून रागावू नका, मला जे शिकायला मिळाले तेच सांगतो.

आमच्या कोकणात आवाराला गडगा असतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आपली जुनी देवळेही अशीच बिनचुन्याची. त्यांना यादवांच्या हेमाडपंतांचे नाव मिळाले, पण अंबरनाथचे शिवालय इ.स. १०६० चे, म्हणजे त्यांच्याही दोनशे वर्षे आधीचे! तिथले चिरे घडीव, आमच्या गडग्याचे ओबडधोबड, एवढाच फरक. धरून ठेवतो तो भारच.

माझ्या आणि धाकट्या भावाच्या आवारामध्ये आजोबांच्या वेळचा गडगा आहे. भावाची जमीन वरच्या अंगाला. खाली गडगा त्याची माती अडवतो, वर कमरेएवढा मोकळा उभा राहतो. वाटण्या झाल्या आणि बोलणे तुटले. कारण एका फणसाचे, सांगायलाही लाज वाटते. रागाच्या भरात मी माझ्या बाजूने सिमेंटचा गिलावा करून घेतला, एक फट ठेवली नाही. पुढे एका आषाढात रात्री गडगा माझ्याच अंगणात कोसळला.

रचायला आले ते बाबा सत्तरीचे. म्हणाले, "अण्णा, पाणी मातीत मुरणारच. फटीतून वाट मिळाली की जातं निघून. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत, मग ते दगड ढकलणार नाही तर काय?"

कठीण जमीन लागेपर्यंत त्यांनी पाया खणला. मोठे दगड तळाला. प्रत्येक दगड हातात फिरवून बघायचा, लांब बाजू भिंतीच्या आत घालायची. खालच्या दोघांच्या सांध्यावर वरचा एक, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दोन्ही तोंडे जराशी आत कललेली. मधल्या पोकळीत मी माती ओतायला गेलो तर ओरडलेच. "माती वाहून जाते, मग पोट फुगतं!" तिथे त्यांनी एकेक चिप हाताने ठोकून बसवली. बाहेरून त्यातली एकही दिसत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे, तेही पायरीवर. एवढा गड बांधला आणि नाव ठेवले येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांखाली!

भिंत भावाच्या जमिनीच्या वर आली तसे बाबा थांबले. आता दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड घालायचे होते. "पलीकडून धरायला माणूस हवा," म्हणाले. "हाक मारा."

दरवर्षी दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह करणारा मी, पण सख्ख्या भावाला हाक मारताना घसा कोरडा पडला. दोनदा मारली. तो खांद्यावर पंचा टाकून आला, काही बोलला नाही. दगड उचलला. एक टोक माझ्या हातात, दुसरे त्याच्या.

"डावीकडे घे जरा, दादा," तो म्हणाला.

सात वर्षांनी ऐकलेले पहिले वाक्य. त्या दिवशी आम्ही असे सहा दगड बसवले.