नावे सांगावीत की लपवावीत?



२०२० साली कोरोनाच्या साथीत जालना जिल्ह्यातही आरोग्य खात्याची माणसे दारी येऊन विचारीत : रुग्ण कोणाच्या घरी गेला, कोणासोबत जेवला, कोणाच्या मयतीला बसला? अशा माणसांना सरकारी भाषेत 'निकट सहवासित' म्हणत. त्यांची यादी झाली की रोग पुढे कोठे जाणार हे आधीच कळते व साखळी तोडता येते. ज्या रोगाला अज्ञानाने 'देवी' म्हटले, तोही याच रीतीने गेला. १९७३ पासून घरोघर रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या माणसांना लस टोचली गेली. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण उरला नाही.

मग माणसे नावे का लपवितात? रोगापेक्षा बहिष्काराची भीती मोठी असते म्हणून. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठा बंद होता, त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. त्याच साथीत एका धर्माच्या लोकांवर खापर फोडले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले व त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले.

म्हणून विटाळ आणि संसर्ग यांतील भेद नीट ओळखला पाहिजे. विटाळ जन्माने चिकटविला जातो. त्याला जंतू नाही, मुदत नाही. संसर्गाला कारण आहे, मुदत आहे आणि तो जात विचारीत नाही. कारण गेले की कार्य जाते, हीच प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण. चौदा दिवसांचे विलगीकरण पंधराव्या दिवशी संपलेच पाहिजे. न संपले तर तो विटाळ झाला.

तेव्हा नाव लपविणे हा मुसावाद होय काय? होय, कारण ज्याला वाचवावे म्हणून नाव लपविले, त्याच्याच घरातील म्हातारी आणि लेकरे धोक्यात येतात. परंतु शीलाचा सारा भार एकट्या रुग्णावर टाकणे न्यायाचे नाही. यादी घेणाऱ्याने ती चावडीवर वाचू नये. शेजाऱ्याने त्या दारी पाणी, भाकरी, औषध पोचवावे.

अतिसाराने पडलेल्या भिक्खूकडे सोबती फिरकत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी त्याला उचलून निजविले. मग भगवंतांनी भिक्खूंना विचारले, तुम्ही एकमेकांना सांभाळणार नाही, तर कोण सांभाळील?

पुढची साथ येण्याआधीच विहारात बसून ठरवा, की खरे सांगणाऱ्या घरी भाकरी कोण नेणार. ते ठरले, तर नाव लपविण्याचे कारणच उरणार नाही.