सदरेलगतची छोटी खोली

जरा बसा. टेप, कागद, पेन्सिल बाजूला राहू द्या. पाहुण्यांच्या छोट्या स्वच्छतागृहाचं कपाट उद्याही घेता येईल.

एक शब्द मनात घोळवू या. सदर. जबलपूरकराला त्यात छावणीचा बाजार ऐकू येतो, मराठी घराला वाड्याची पुढची बैठक. 1817 च्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलं. मग छावणी वसली, तिचा मुख्य बाजार तो सदर. मुळात शब्द अरबी. अर्थ छाती, पुढचा भाग. आल्यागेल्याला घर जिथे सामोरं जातं, ती जागा.

श्वास संथ होऊ द्या.

आता बैठकीलगतचं ते अरुंद दार मनातल्या मनात उघडा. कमोड, छोटं बेसिन, आरसा. कुणी त्याला पावडर रूम म्हणतं. आजोबांच्या काळी ही सोय परसात होती, घरापासून चार हात लांब. आज ती सदरेला येऊन चिकटली आहे. पाठीमागचं पुढे आलं, तेव्हा पुढची रीतही त्याला पाळावी लागणार.

तिथे एका पाहुण्याला जाऊ द्या. दार लागलं. आत तो एकटा आहे. साबण संपलाय. हात पुसायला काही नाही. किंवा आत एखादी मुलगी आहे, तिची पाळी अचानक आली आहे. बाहेर सगळे गप्पा मारताहेत. ती हाक मारील का?

इथे थोडं थांबा. हा संकोच नीट पाहा.

आपण कपाट शोधतो आहोत ते या संकोचासाठी. मागायला जे अवघड, ते न मागता हाताशी यावं, एवढंच त्याचं काम. मग यादी आपोआप आखडते: साबणाची वडी, चार धुतलेले नॅपकिन, कागदाचे दोन रोल, पॅडचं पाकीट. फिनेल आणि अ‍ॅसिड इथे नकोत. लहान मुलंही पाहुणी असतात.

आता या वस्तूंना त्यांची जागा विचारा. रोलचा व्यास दहा-अकरा सेंटिमीटर. म्हणजे पंधरा सेंटिमीटर खोलीचं कपाट पुरतं. दुकानातलं पंचेचाळीस सेंटिमीटरचं कपाट मनातून सोडून द्या. त्यात आपला पसारा मावेल, पण पाहुण्याचे गुडघे अडतील.

भिंतीकडे नजर न्या. जुन्या घराची जाड भिंत असेल, तर तिच्यात एखादा कोनाडा असेल. जबलपूरच्या हिंदीत त्याला आला म्हणतात. असेल तर त्याला दोन फळ्या आणि एक झडप लावा. विकत घ्यायचं काही उरतच नाही.

नसेल, तर लाकडाकडे वळू या. डोळ्यांपुढे आषाढ आणा. बाहेर धार लागली आहे, भिंतीला ओल आहे. दमट हवेत लाकूड आडवं फुगतं आणि खण अडकतो. सागवान त्यातल्या त्यात शांत राहतं. प्लाय घ्यायचा तर आयएस 710 चा मरीन प्लाय. भुशाचा दाबीव बोर्ड एकदा पाणी प्याला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. सुताराला सांगा, पाठ आणि तळही पॉलिश कर. ओल न दिसणाऱ्या बाजूनेच शिरते.

कपाट जमिनीपासून वर टांगा; खालून पोछा सहज फिरावा. भिंतीत स्क्रू पक्के हवेत. 22 मे 1997 च्या पहाटे ही जमीन हलली होती, हे जबलपूर विसरलेलं नाही. शिवाय उठताना एखादी आजी त्याच कडेला हात टेकेल. कडा गोल असू द्या.

आता सगळं काढून घ्या. कपाट नाही, रोल नाही, नॅपकिन नाही. फक्त दार उघडतं, एक माणूस आत वळतो, बसतो, उठतो, हात धुतो. त्याच्या अंगाभोवती जी हवा हलते, ती खोलीची खरी मालकीण. कपाट तिथे तिच्या परवानगीने राहणार.

डोळे उघडा. टेप घ्या.

आधी मोकळी जागा मोजा.