चाकाची धाव

स्वस्थ बसा. मनासमोर बैलगाडीचे लाकडी चाक आडवे ठेवा. मधला तुंबा पाहा, त्यात ठोकलेले बाभळीचे आरे, कडेचे पुठ्ठे. सुताराने सगळे नीट बसवले आहे, तरी हलवून पाहिले तर सांधा अजून किंचित करकरतो.

शेजारी लोखंडी धाव पडली आहे. चाकाहून ती मुद्दाम लहान केलेली. थंड असताना कितीही घण घाला, चढायची नाही. या लहानपणापाशी थोडे थांबा. पुढचे सगळे बळ त्यातूनच येणार आहे.

आता धावेवर गोवऱ्या रचून पेटवल्या आहेत. लोखंड लाल होऊ लागले. आत अणू आपापल्या जागीच थरथरताहेत. त्यांना जवळ सरकणे जड जाते, दूर सरकणे त्यामानाने सोपे. म्हणून थरथर वाढली की सरासरी अंतरही वाढते. एका अंशाला एक मीटर लोखंड मिलिमीटरच्या सुमारे 80व्या भागाइतकेच वाढते. पण दीड मीटर व्यासाची धाव 500 अंशांनी तापली, तर तिचा घेर जवळजवळ 3 सेंटिमीटरने वाढतो.

इथे शंका येईल: लोखंड सगळीकडून फुगले, तर मधली पोकळी लहान नाही का होणार? शंकेला घाईने उत्तर देऊ नका. धावेच्या आतल्या कडेवर मन न्या. तिथेही अणूंची रांगच आहे. प्रत्येक जण शेजाऱ्यापासून जरासा सरकला, की रांग लांबते आणि तिचे वर्तुळ मोठे होते. लोखंडाबरोबर पोकळीही वाढते. या साऱ्यात मला सर्वांत सुंदर वाटते ते हेच.

सांडशींनी धाव उचलली, चाकावर टेकवली, घणाने बसवली. लाकूड धुमसू लागले, लगेच पाणी. वाफेचा आवाज ऐका. धाव आपल्या मूळ मापाकडे निघाली आहे, पण वाटेत लाकूड आहे. ती पुठ्ठ्यांना दाबते, पुठ्ठे आऱ्यांना, आरे तुंब्याला. मघाचे करकरणे थांबले. मूळ माप तिला गाठता येतच नाही. ती ताणलेलीच राहते, आणि त्या ताणावर गाडी ओझे वाहते.

रेल्वेच्या चाकांवर पोलादी टायर याच रीतीने चढवत आले. कारखान्यात कधी उलटेही करतात: आतला भाग उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये आक्रसवून जागेवर सोडतात, मग तो ऊब घेत फुगतो आणि घट्ट बसतो.

उन्हाळ्यात चाकाचे लाकूड वाळून आक्रसते आणि धाव सैल पडते. तेव्हा चाके पाण्यात भिजत घालतात. तेवढ्याने भागले नाही, तर धाव काढून, कापून, लहान करून पुन्हा तापवावी लागते.