फोटो जपायचा कोणी?

फिल्म कॅमेरा हौशी मंडळींत परत आला आहे आणि त्याच्यामागोमाग एक सोपा युक्तिवादही. रोलमध्ये ३६च फोटो, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा; मोबाइलवर शेकडो निघतात, म्हणून एकालाही किंमत उरली नाही. हे इतक्या वेळा ऐकू येते की खरेच वाटू लागते. मला ते मुळातच चुकीचे वाटते.

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला उभे राहून ते तपासावे. दसरा-दिवाळी उलटली की या पट्ट्यातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यांच्यासाठी फोटो म्हणजे रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रिंटचे वेगळे. ज्याला आज संयम म्हणतात, तो बहुतेक घरांत ऐपतीचा अभाव होता. कोयत्यावर जाणाऱ्या बाईचा फोटो लग्नात निघाला तर निघाला, नंतर एकदम ओळखपत्रासाठी. बीड निजामाच्या राज्यात होते तेव्हा लाला दीनदयाळ हैदराबादच्या दरबाराचे छायाचित्रकार होते; राजवाडे, शिकारी, बडे पाहुणे यांवर त्यांचा कॅमेरा रोखलेला असे. कॅमेरा कोणाकडे वळतो हे खर्चाने ठरत आले आहे. आज फडात डोक्यावर मोळी घेतलेल्या आईचा फोटो तिची मुलगी काढते, आणि त्यासाठी तिला कोणाला विचारावे लागत नाही. बरे, ज्यांना रोल परवडत होता त्यांची नजर तरी घडली का? त्या काळातले लग्नाचे अल्बम उघडा: हार, मंगळसूत्र, पंगत, पाठवणी, सगळे एकाच साच्यातले. मर्यादेने काटकसर येते, नजर येत नाही.

मेगापिक्सेलची भांडणे दुकानापुरती ठीक आहेत. दर्जाचा कस लागतो मे महिन्यातल्या लग्नात. भरदुपारचे ऊन, पांढरे धोतर आणि रापलेला चेहरा. रंगीत निगेटिव्ह जादा प्रकाश पुष्कळ सोसते. धोतराच्या चुण्या राहतात आणि चेहराही दिसतो. डिजिटलमध्ये पांढरे एकदा जळले की तिथे काहीच उरत नाही. म्हणून जाणकार फोटोग्राफर एक्स्पोजर आखडता ठेवतो आणि चेहरा नंतर उजळतो. मोबाइल तेच काम लागोपाठ घेतलेल्या अनेक फोटोंची सांगड घालून करतो. रात्रीच्या वरातीत मात्र फिल्म हरते. आयएसओ ४००च्या रोलवर फ्लॅशच्या टप्प्यापलीकडे अंधार, तर डिजिटल कॅमेरा आयएसओ ३२००वर मागचे वाजंत्रीवालेही दाखवतो. तेव्हा भरदुपारचे ऊन सोडले तर दर्जात डिजिटल पुढे आहे, आणि सोयीबद्दल वाद घालण्याचेही कारण नाही.

वाद घालायचा तर साठवण आणि जपणूक यांतल्या फरकावर घालावा. साठवण यंत्र करते, जपणुकीला माणूस लागतो. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडे निगेटिव्ह पातळ कागदी पाकिटात असत, वर नाव आणि तारीख. घरात कोणी गेले की नातेवाईक त्याच्याकडे जात. तो जुन्या लग्नातल्या ग्रुप फोटोची निगेटिव्ह शोधून त्यातला तेवढाच चेहरा मोठा करून देई. हार चढवलेल्या कितीतरी तसबिरी अशा बनल्या आहेत. यात फिल्मची थोरवी फारशी नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचे रंग उडतात, पावसाळ्यात बुरशी धरते. निगेटिव्ह टिकली ती कोणीतरी कपाट कोरडे ठेवले म्हणून, आणि कुठे काय आहे हे त्याला ठाऊक होते म्हणून. मोबाइलमधल्या फोटोला असा धनी नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो सहसा आकसतो, मूळ फोटो हँडसेटबरोबर जातो, आणि गेला हेही वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या तालुक्यात जुना स्टुडिओ बंद होत असेल तर निगेटिव्हचे खोके भंगारात जाऊ देऊ नका. शाळेत किंवा वाचनालयात त्यांच्यासाठी एक कोरडे कपाट मागा. आणि मोबाइलमधल्या आईच्या फोटोची प्रिंट याच महिन्यात काढून घ्या, मागे पेन्सिलीने तिचे नाव, गाव आणि साल लिहा.